कॉन्फेडरेशन्स कप: खंडाखंडांच्या विजेत्यांची स्पर्धा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहीमला रविवारी सकाळी आम्ही काही जण मिळून मुलांना फुटबॉल शिकवतो. मुलं दहा-बारा वर्षांची. वर्ल्ड कप त्यांना ठाऊक आहे, युरो ठाऊक आहे, क्लबांची नावं तर तोंडपाठ. पण मोबाइलवर कधीतरी एखादी जुनी क्लिप समोर येते, ब्राझीलचा संघ भलताच कुठला तरी चषक उचलताना दिसतो आणि रविवारी प्रश्न येतो, "सर, हा कुठला कप?" मैदानाच्या कडेला उभे असलेले पालकही मग त्यात भर घालतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. लांबली तिथं सांगण्यासारखं जास्त होतं.

कॉन्फेडरेशन्स कप म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय संघांची फिफाची स्पर्धा. जगातल्या फुटबॉलचा कारभार सहा महासंघांत वाटलेला आहे: आशिया, आफ्रिका, युरोप, दक्षिण अमेरिका, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन मिळून एक, आणि पॅसिफिकमधल्या बेटांचा ओशनिया. प्रत्येक महासंघाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते. त्या सहा स्पर्धांचे सहा विजेते, त्यांच्या जोडीला विश्वविजेता आणि यजमान देश, असे आठ संघ. चार-चारचे दोन गट, मग सेमीफायनल, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि फायनल. एकूण १६ सामने, दोन आठवड्यांत सगळं आटोपलेलं. १९९२ ते २०१७ या काळात ही स्पर्धा दहा वेळा झाली.

मी मुलांना सांगतो, हे आठ खुर्च्यांचं टेबल होतं. वर्ल्ड कपमध्ये युरोपला भरपूर खुर्च्या मिळतात आणि ओशनियाला तर २०२६ च्या स्पर्धेपर्यंत हक्काची एकही नव्हती. दर वेळी प्ले-ऑफ खेळून दुसऱ्या कुणाला तरी हरवूनच आत यावं लागायचं. कॉन्फेडरेशन्स कपमध्ये, आठ संघ झाल्यापासून, प्रत्येक महासंघाला एक खुर्ची ठरलेली. बेट केवढं, लोकसंख्या किती, खेळाडूंना पगार किती, हे कुणी विचारायचं नाही. तुम्ही तुमच्या भागात पहिले आलात ना, मग या, बसा. मला ही स्पर्धा आवडायची ती या एका गोष्टीसाठी.

खंड आणि महासंघ एकच ना?

नाही, आणि यावरून मुलांचा भूगोलाच्या पेपरात गोंधळ होतो. ऑस्ट्रेलिया आधी ओशनियात खेळायचा, २००६ मध्ये तो आशियाई महासंघात आला. त्यामुळे १९९७, २००१ आणि २००५ ला तो या स्पर्धेत ओशनियाकडून दिसतो आणि २०१७ ला आशियाचा विजेता म्हणून. इस्रायल युरोपात खेळतो, कझाकस्तानही. दक्षिण अमेरिकेच्या जमिनीवरचा गयाना देश कॅरिबियन गटात मोडतो.

सुरुवात कुठं झाली?

सौदी अरेबियात, रियाधला. १९९२ मध्ये तिथल्या राजाच्या नावानं किंग फहद कप भरवला गेला. चारच संघ होते: सौदी अरेबिया, अर्जेंटिना, अमेरिका आणि आयव्हरी कोस्ट. अर्जेंटिनानं फायनलमध्ये यजमानांना ३-१ असं हरवलं. १९९५ ला सहा संघ आले आणि डेन्मार्कनं अर्जेंटिनाला २-० नं नमवून चषक नेला. त्या गोलांपैकी एक मायकेल लाउड्रुपच्या पेनल्टीचा. १९९७ पासून फिफानं स्पर्धा आपल्या हातात घेतली, आठ संघ केले, नाव बदललं आणि आधीच्या दोन स्पर्धांनाही मागाहून मान्यता दिली. पहिल्या तिन्ही वेळा सामने रियाधलाच झाले.

१९९७ पासून दर दोन वर्षांनी व्हायची. २००५ पासून चार वर्षांनी, वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी, वर्ल्ड कपच्याच यजमानाकडे. म्हणजे एका अर्थी ती रंगीत तालीम झाली.

एकाच देशानं दोन स्पर्धा जिंकल्या असतील तर?

मग त्या खंडातल्या उपविजेत्याला बोलावणं जायचं. २०१३ ला स्पेन विश्वविजेताही होता आणि युरो विजेताही, म्हणून युरोचा उपविजेता इटली आला. २००५ ला ब्राझीलचं तसंच होतं, म्हणून अर्जेंटिनाला जागा मिळाली, आणि गंमत बघा, फायनल त्या दोघांतच झाली. ब्राझील ४, अर्जेंटिना १. आद्रियानो त्या स्पर्धेत पाच गोल करून सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सर्वांत जास्त वेळा कोण जिंकलं?

ब्राझील, चार वेळा: १९९७, २००५, २००९, २०१३. फ्रान्स दोनदा, २००१ आणि २००३. अर्जेंटिना, डेन्मार्क, मेक्सिको आणि जर्मनी प्रत्येकी एकदा.

आशिया, आफ्रिका आणि ओशनिया यांतलं कुणीही जिंकलं नाही, पण फायनलपर्यंत तिघंही पोचले. सौदी अरेबिया १९९२ ला, ऑस्ट्रेलिया १९९७ ला (तेव्हा ओशनियाकडून), जपान २००१ ला, कॅमेरून २००३ ला. पुरुषांच्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये या तीन महासंघांतला एकही संघ आजवर दिसलेला नाही. १९९७ ची फायनल ऑस्ट्रेलियाला मात्र जड गेली. ब्राझीलनं ६-० नं धुतलं, रोमारिओ आणि रोनाल्डो दोघांनीही हॅट्ट्रिक केली.

मोठे संघ ही स्पर्धा मनापासून खेळायचे का? का नुसतीच मैत्रीपूर्ण मॅच?

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. सगळे देश आनंदानं यायचे नाहीत, हे खरंच आहे. १९९७ ला युरोविजेता जर्मनी आला नाही, त्याच्या जागी चेक प्रजासत्ताक आला. १९९९ ला विश्वविजेत्या फ्रान्सनं नकार दिला. २००३ ला जर्मनीसह काहींनी नाही म्हटल्यावर वर्ल्ड कपमध्ये तिसरा आलेला तुर्कस्तान आला. युरोपातल्या क्लबांचा मोसम मे महिन्यात संपतो, खेळाडू थकलेले असतात आणि क्लबांना त्यांना आणखी एका स्पर्धेला पाठवायचं नसतं.

पण "मनापासून नाही" हे फक्त युरोपकडून बघितलं तरच खरं वाटतं. १९९९ ची फायनल मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर झाली. समोर ब्राझील, स्पर्धेत रोनाल्डिन्यो पेटलेला, स्टेडियम लाखाच्या वर माणसांनी भरलेलं. मेक्सिको २-० नं पुढं गेला, हाफटाइमच्या आगेमागे ब्राझीलनं दोन्ही गोल फेडले. मग झेपेडा, मग ब्लांको, ४-२. लगेच झे रोबेर्तोनं ४-३ केलं आणि उरलेला जवळपास अर्धा तास मेक्सिकोनं दात-ओठ खाऊन आघाडी राखली. वरिष्ठ पुरुष गटात मेक्सिकोनं फिफाची जिंकलेली ही एकमेव स्पर्धा. तिथल्या माणसाला जाऊन मैत्रीपूर्ण मॅच होती असं सांगून बघा.

२०१७ ला जर्मनीनं आपले बहुतेक प्रस्थापित खेळाडू घरी ठेवले. ड्राक्सलर कर्णधार, सोबत वेर्नर, गोरेत्स्का, श्टिंडल. त्यांनी पूर्ण ताकदीनिशी आलेल्या चिलीला फायनलमध्ये १-० हरवलं. राखीव फळीनं चषक जिंकला म्हणून कुणी स्पर्धेला कमी लेखतं. मला त्यात उलट दिसतं: तिथं नव्या पोरांना मोठ्या मैदानावर उतरायला मिळालं.

ही स्पर्धा जिंकणारा पुढच्या वर्षी वर्ल्ड कप हरतो, हे खरं का?

हो, आकडे तेच सांगतात. १९९७ चा विजेता ब्राझील १९९८ च्या फायनलमध्ये फ्रान्सकडून हरला. २००१ चा विजेता फ्रान्स २००२ ला एकही गोल न करता गटातूनच परतला. ब्राझील २००५ आणि २००९ जिंकून २००६ आणि २०१० ला क्वार्टर फायनलमध्येच बाहेर. २०१३ ला माराकाना स्टेडियमवर स्पेनला ३-० हरवणारा ब्राझील, वर्षभरानं जर्मनीकडून ७-१. आणि २०१७ चा विजेता जर्मनी २०१८ ला गटसाखळीतच गारद.

मुलं याला शाप म्हणतात. मला वाटतं, यात शापाबिपाचा काही संबंध नाही. एका वर्षात संघ बदलतो, दुखापती होतात, आणि मुख्य म्हणजे जिंकलेला संघ तसाच ठेवायचा मोह होतो. २०१३ च्या विजयानंतर ब्राझीलनं बऱ्याच अंशी तीच माणसं, तोच साचा पुढं नेला. आणि ३२ संघांत एकच जिंकणार, हेही विसरू नये.

२००३ ला मैदानावर कुठला खेळाडू दगावला होता?

मार्क-विव्हियन फोए. कॅमेरूनचा मिडफिल्डर, वय २८.

२६ जून २००३, फ्रान्समधल्या लिऑंचं जेर्लां स्टेडियम, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया, सेमीफायनल. ७२व्या मिनिटाला फोए मधल्या वर्तुळात कोसळला. आसपास कुणी नव्हतं, कुणाची टक्कर लागली नव्हती, कुणी टॅकल केलं नव्हतं. चालता चालता माणूस खाली पडला. स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, पाऊण तासभर डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो गेला. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार निघाला, जो बहुतेकदा घराण्यातून येतो. ते लिऑंचंच मैदान त्याचं जुनं घर होतं, त्या क्लबाकडून तो खेळला होता. त्या मोसमात तो मँचेस्टर सिटीकडे होता. मेन रोड या त्यांच्या जुन्या मैदानावरचा सिटीचा शेवटचा गोल त्याचाच. क्लबानं त्याचा २३ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही.

कॅमेरूननं ती सेमीफायनल १-० जिंकली होती. तीन दिवसांनी फायनल. जादा वेळेत थिएरी ऑंरीनं गोल केला आणि गोल्डन गोलच्या नियमानं मॅच तिथंच संपली. बक्षीस समारंभात कॅमेरूनच्या खेळाडूंनी फोएचं मोठं छायाचित्र धरलं, उपविजेत्याचं पदक त्या छायाचित्राला घातलं. फ्रान्सचा कर्णधार मार्सेल देसाई यानं चषक एकट्यानं उंचावला नाही. कॅमेरूनच्या रिगोबर्ट साँगला शेजारी घेऊन दोघांनी मिळून धरला.

मी हे मुलांना सांगतो, पण खरं तर ते पालकांसाठी आहे. आमच्याकडे नवीन मूल आलं की अर्जात एक प्रश्न असतो: घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय का? दुसरा: खेळताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय मैदानात पाऊल नाही. काही पालकांना राग येतो. येऊ दे. डेन्मार्कचा एरिक्सन २०२१ च्या युरोत कोपनहेगनला असाच पडला आणि वाचला, कारण छाती दाबायला कुणी क्षणाचा उशीर लावला नाही आणि शॉक देणारं यंत्र हाताशी होतं. मुंबईतल्या किती मैदानांवर ते यंत्र आहे, हे एकदा आपापल्या मैदानावर जाऊन विचारा. आणि छाती कशी दाबायची हे शिकून घ्या, त्याला यंत्र लागत नाही.

ताहितीची गोष्ट काय आहे?

ही सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही.

ताहिती म्हणजे पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियाचं मुख्य बेट. २०१२ च्या ओशनिया स्पर्धेत न्यू कॅलेडोनियानं न्यूझीलंडला हरवलं आणि फायनलमध्ये ताहितीनं न्यू कॅलेडोनियाला १-० नं. झालं, ताहिती ओशनियाचा विजेता आणि २०१३ ला ब्राझीलमध्ये स्पेन, उरुग्वे, नायजेरिया यांच्या गटात. संघात मारामा वाहिरुआ हा एकच व्यावसायिक खेळाडू. बाकीचे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. तेहाउ घराण्यातलेच चार जण, तिघं सख्खे भाऊ आणि एक चुलतभाऊ.

पहिली मॅच १७ जूनला, बेलो होरिझोन्तेला नायजेरियाविरुद्ध. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, बाहेर पाऊस. मॅचआधी ताहितीच्या खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांच्या गळ्यात माळा घातल्या, पाहुणे आल्यावर बेटावर घालतात तशा. मग नायजेरियानं हाफटाइमपर्यंत तीन गोल चढवले. ५४व्या मिनिटाला कॉर्नर आला, जोनाथन तेहाउनं डोकं लावलं आणि चेंडू आत. मग ते सगळे मैदानावर एकामागे एक ओळीत बसले आणि वल्ही मारायला लागले. होडी नाही, पाणी नाही, नुसते हात. डावीकडे, उजवीकडे.

ती क्लिप मी मैदानावर पहिल्यांदा दाखवली तेव्हा कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, हे बरोबर मारतायत. सगळ्यांचं वल्हं एका वेळी पडतंय." बाकीची मुलं गोलाबद्दल बोलत होती, याचं लक्ष वल्ह्यावर. ताहिती कुठं आहे हे त्याला नकाशात दाखवावं लागलं, पण ती माणसं कोण हे त्याला आधीच कळलं होतं.

ती मॅच ६-१ अशी गेली. जोनाथन तेहाउकडूनच पुढं एक स्वयंगोलही झाला. मग माराकानावर स्पेननं १०-० नं हरवलं, तोर्रेसचे चार आणि व्हियाचे तीन. मग उरुग्वेनं ८-०. तीन सामन्यांत २४ गोल खाल्ले. पण माराकानावरचं ब्राझीलचं पब्लिक स्पेनला हुर्यो करत होतं आणि ताहितीच्या गोलरक्षकानं चेंडू अडवला की डोक्यावर घेत होतं. शेवटच्या मॅचनंतर ताहितीचे खेळाडू "धन्यवाद ब्राझील" असं पोर्तुगीजमध्ये लिहिलेला फलक घेऊन मैदानाला फेरी मारून गेले.

तेव्हा बरेच जण म्हणाले, असल्या संघांना कशाला बोलवायचं, दर्जा घसरतो. हे मला कधीच पटलं नाही. ती जागा त्यांना कुणी दान केली नव्हती. आपल्या महासंघाची स्पर्धा जिंकून ते आले होते.

अमेरिकेनं स्पेनला हरवलं ते याच स्पर्धेत का?

होय, २००९ ला, दक्षिण आफ्रिकेत. स्पेन तेव्हा ३५ सामने अपराजित होता आणि लागोपाठ १५ जिंकलेला. अमेरिकेनं पहिल्या दोन मॅच इटली आणि ब्राझीलकडून सपशेल हरल्या होत्या. शेवटच्या मॅचमध्ये त्यांनी इजिप्तला ३-० हरवलं, त्याच वेळी ब्राझीलनं इटलीला ३-० हरवलं आणि गोलांच्या हिशेबात अमेरिका सेमीत घुसली. तिथं आल्टिडोर आणि डेम्प्सीच्या गोलांनी स्पेनवर २-०. त्याच स्पर्धेत इजिप्तनंही विश्वविजेत्या इटलीला १-० नं पाडलं होतं.

फायनल आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाली. हाफटाइमला अमेरिका ब्राझीलपुढं २-० नं पुढं, आणि नेमकी तेव्हा आमच्या इमारतीची केबल गेली. सकाळी प्लॅटफॉर्मवर मित्र भेटला, त्यानं तीन बोटं दाखवली, मग दोन. लुइस फाबियानोचे दोन आणि ८४व्या मिनिटाला कर्णधार लुसिओचं हेडर. ब्राझील ३-२. तो दुसरा हाफ मी नंतर कितीतरी वेळा पाहिला आहे, पण त्या रात्री तो जगायचा राहिला याची चुटपुट आजही लागते.

२०१३ ला स्टेडियमबाहेर मोर्चे का होते?

ब्राझीलमध्ये बसच्या तिकिटात वीस सेंतावोंची (तिथले पैसे) वाढ झाली, साओ पाउलोत निदर्शनं सुरू झाली आणि बघता बघता देशभर पसरली. स्टेडियमांवर एवढा पैसा आणि दवाखाने-शाळांना नाही, हा लोकांचा मुद्दा होता. बसभाडं वाढलं की घरातलं गणित कसं बिघडतं, हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही.

व्हीएआर पहिल्यांदा इथंच आलं का?

व्हीएआर म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय. राष्ट्रीय संघांच्या मोठ्या स्पर्धेत ते नीट दिसलं ते २०१७ च्या रशियातल्या या स्पर्धेत, पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपआधी. गोंधळही झाला. जर्मनी-कॅमेरून मॅचमध्ये पंचांनी आधी चुकीच्याच खेळाडूला लाल कार्ड दाखवलं, मग पुन्हा पडद्यावर जाऊन बघितलं आणि ते बदलून मबुकाला बाहेर काढलं. तालीम असते ती यासाठीच. आदल्या वेळी २०१३ ला गोलरेषेचं तंत्रज्ञान असंच तपासून घेतलं होतं.

भारत कधी खेळला का? खेळू शकला असता का?

नाही खेळला. वाट एकच होती, आशियाई कप जिंकायचा. त्या चषकाच्या सर्वांत जवळ आपण गेलो ते १९६४ ला. चार संघ, साखळी पद्धत. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवून आपण दुसरे आलो, यजमान इस्रायल (तेव्हा तो आशियात खेळायचा) पहिला. इंदर सिंगचे गोल, चुनी गोस्वामींचं नेतृत्व. पण तेव्हा कॉन्फेडरेशन्स कपचा पत्ताच नव्हता. स्पर्धा सुरू होती त्या पंचवीस वर्षांत आपण आशियाई कपमध्ये फक्त २०११ ला पोचलो आणि तिन्ही सामने हरलो.

तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. इराककडे बघा. देशात युद्ध चालू, घरच्या मैदानावर खेळायची सोय नाही, आणि २००७ ला त्यांनी जाकार्तात सौदी अरेबियाला १-० हरवून आशियाई कप नेला. २००९ ला ते दक्षिण आफ्रिकेत आले. तीन सामन्यांत त्यांनी एकच गोल खाल्ला, तोही स्पेनकडून. एका महिन्यात सगळं जुळून आलं तर आशियातला संघ त्या टेबलावर बसू शकत होता. आता टेबलच उचललंय, मग वाट असून उपयोग काय?

अंधेरीला २०१८ मध्ये झाला तो इंटरकॉन्टिनेंटल कप हाच का?

नाही, पण नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावर जून २०१८ मध्ये झाली ती भारतीय महासंघानं भरवलेली निमंत्रितांची स्पर्धा. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई. पहिल्या मॅचला अडीच हजारांच्या आसपासच माणसं आली. मग सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला की टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मुंबईचा धो धो पाऊस, मैदानात पाणी, आणि स्टँड फुल्ल. आम्ही मुलांना रेनकोट घालून नेलं होतं. हाफटाइमला एकाचा चपलेचा पट्टा तुटला, तो अनवाणी उभा राहिला पण हलला नाही. भारत ३-०.

फायनलमध्येही केनियाला २-० हरवून आपण जिंकलो, दोन्ही गोल छेत्रीचे. आणि एक धागा मुलांना नेहमी सांगतो: तिथं आपल्याला २-१ हरवणारा न्यूझीलंड ओशनियाचा विजेता होता. वर्षभरापूर्वी तोच देश कॉन्फेडरेशन्स कपमध्ये रशिया, मेक्सिको आणि पोर्तुगालशी खेळला होता. अंधेरीला आलेला संघ बराचसा नवखा होता, पण जर्सी तीच.

क्लबांसाठीचा फिफाचा इंटरकॉन्टिनेंटल कप ही आणखी तिसरीच गोष्ट. त्यात देश खेळत नाहीत.

मग स्पर्धा बंद का झाली?

एकच कारण नाही. पुढची २०२१ ला कतारच्या वाट्याला येणार होती, पण जूनमध्ये तिथं खेळायचं म्हणजे भट्टीत उतरणं. वर्ल्ड कपच तिथं नोव्हेंबर-डिसेंबरवर ढकलावा लागला होता. वर्षाअखेरीस दोन स्पर्धा लागोपाठच्या वर्षी घ्यायच्या तर युरोपातल्या लीग दोनदा मोडाव्या लागल्या असत्या. त्यात फिफाला क्लब वर्ल्ड कप मोठा करायचा होता, त्यासाठी तारखा हव्या होत्या. मार्च २०१९ ला निर्णय झाला. कतारनं आपली तालीम २०२१ च्या अरब कपवर भागवली आणि मोठा क्लब वर्ल्ड कप, ३२ संघांचा, २०२५ ला अमेरिकेत झाला.

क्लबांच्या स्पर्धेत पैसा जास्त आहे, हे मला समजतं. पण ताहितीच्या क्लबाला तिथं तशी जागा मिळणं आणि ताहितीच्या देशाला जागा मिळणं यात फरक आहे. देशाच्या संघात गल्लीतला पोरगा असतो.

आता तिच्या जागी काही आहे का?

पुरतं नाही. युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्यांत फिनालिसिमा होते. १ जून २०२२ ला वेम्ब्लीवर अर्जेंटिनानं इटलीला ३-० हरवलं. बायकांच्या संघांतही ती झाली, २०२३ ला इंग्लंडनं ब्राझीलला पेनल्टींवर हरवलं. मॅच चांगल्या झाल्या, पण टेबलावर दोनच खुर्च्या. आशिया बाहेर, आफ्रिका बाहेर, बेटं तर बाहेरच.

महिलांसाठी कॉन्फेडरेशन्स कप कधी भरलाच नाही. फेब्रुवारी २०२२ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चीननं दक्षिण कोरियाला ०-२ वरून ३-२ हरवून महिला आशियाई कप जिंकला. आशियाचा विजेता आपल्या दारात ठरला. बाकीच्या खंडांच्या विजेत्यांशी त्यांची गाठ पडावी अशी स्पर्धाच नव्हती.

मुलांना दाखवायला कुठली मॅच निवडू?

फुटबॉल समजायला लागलेलं मूल असेल तर १९९९ ची फायनल. पावसाळ्यातली सुट्टीची दुपार असेल तर २०१३ ची इटली-जपान, जपान २-० पुढं असून ४-३ नं हरतो, पण कसलं खेळतो. अगदी लहान असेल तर नायजेरिया-ताहिती लावा. पहिल्या हाफमध्ये कंटाळेल, तरी बंद करू नका, ५४व्या मिनिटापर्यंत थांबा. आणि ते ओळीत बसले की मुलांनाही जमिनीवर ओळीत बसवा. डावीकडून सुरू करायचं.